अदत खोंड आणि बर्फावरची पारख

एप्रिलमध्ये पहाटे साडेचारला माझ्या घरात दिवा लागला की शेजारच्या काकूंना वाटतं, मास्तर योगासनाला उठले. प्रत्यक्षात मी मोबाइल तांब्याला टेकवून कॅनडातल्या सतरा-अठरा वर्षांच्या पोरांची आइस हॉकी बघत बसलेला असतो. तिकडे तेव्हा संध्याकाळचे सात. आमच्याकडे आदल्या दुपारी पारा त्रेचाळीसवर जाऊन आलेला, भिंती अजून गरम. सोलापूरकराचा बर्फाशी संबंध रसवंतीपुरता. पण भाचा ब्रॅम्प्टनला नोकरीला गेला, त्यानं हे खूळ माझ्या डोक्यात घातलं आणि ते काही निघेना.

पार्क मैदानावर सकाळी खो-खोला येणारी पोरं मला हसतात. त्यातल्या एकानं परवा विचारलं, “सर, ड्राफ्ट ड्राफ्ट म्हणता, म्हणजे लिलावच ना?” त्याला तिथं दोन वाक्यांत सांगितलं, पण ते पुरेसं नव्हतं.

लिलाव नव्हे. आयपीएलमध्ये ज्याच्याकडे पैसा तो बोली वाढवतो. उत्तर अमेरिकेतल्या एनएचएलमध्ये, म्हणजे या खेळाच्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये, नव्या पोरांवर बोली लागतच नाही. ३२ क्लब रांगेत उभे राहतात आणि एकेक नाव उचलतात. सात फेऱ्या होतात, म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास नावं. रांग साधारण उलटी: गेल्या मोसमात जो तळाला, तो पुढे. मुद्दाम हरून पहिला नंबर कुणी लाटू नये म्हणून वरच्या जागांसाठी सोडत काढतात. नाव ज्यानं उचललं, त्या क्लबकडे त्या पोराचे हक्क. पोराला विचारत नाहीत, “बाबा, तुला कुठं जायचंय?” हा प्रकार १९६३ साली माँट्रियलमध्ये सुरू झाला. १९७४ साली टेलिफोनवर चाललेल्या त्या कंटाळवाण्या फेऱ्यांना वैतागून बफेलोच्या व्यवस्थापकानं तारो त्सुजिमोतो नावाचा जपानी खेळाडू निवडला. असा माणूसच अस्तित्वात नव्हता! लीगनं मात्र नाव नोंदवून घेतलं होतं.

आता खरी अडचण. ज्याला निवडायचं तो सतरा-अठरा वर्षांचा. १५ सप्टेंबरपर्यंत अठरा पूर्ण होत असतील तर त्या साली तो पात्र. त्यातले बहुतेक मोठ्या लीगमध्ये खेळणार आणखी दोन, तीन, कधी पाच वर्षांनी. म्हणजे आज तो किती चांगला खेळतो हा प्रश्नच नाही. तेविसाव्या वर्षी तो कसा असेल, हा प्रश्न आहे. आणि त्याचं उत्तर आज, इतर एकतीस जणांच्या आधी द्यायचं.

माझे वडील हेच काम करायचे, फक्त बैलांचं. सांगोल्याच्या बाजारात नाहीतर गड्ड्याच्या यात्रेत भरणाऱ्या जनावरांच्या बाजारात ते मला न्यायचे. जुळलेला बैल, म्हणजे सगळे दात आलेला, कुणीही ओळखतो. दिसतोच तो डौलदार, किंमतही तशीच सांगतात. वडिलांचा डोळा अदत खोंडावर. अजून दुधाचे दात, वशिंड नुसतं उमटलेलं, पाय काटकुळे. ते आधी खोंडाचं तोंड उघडून बघायचे, मग कासरा मालकाच्या हातात देऊन म्हणायचे, “चालवा जरा.” मी विचारलं, काय बघताय? ते म्हणाले, “पुढचा पाय उचलला त्या ठशात मागचा पाय पडतोय का ते बघ. अंग काय, पेंड घातली की भरतं. चाल घालता येत नाही.” मग रुमालाखाली बोटं दाबून सौदा. रुमाल कशाला, तर शेजारच्याला कळू नये की या काटकुळ्यात आपल्याला काय दिसलंय ते.

पोरांची तुलना जनावरांशी केली म्हणून कुणी रागावेल. पण ड्राफ्टआधी या पोरांची उंची, वजन, हाताची पकड, उडी, सायकलवर दम किती टिकतो, सगळं मोजतात. आमच्या बाजारात निदान श्वास मोजत नाहीत.

तर या खेळात पोराची ‘चाल’ कोणती आणि ‘पेंड’ कोणती, हे ओळखणं म्हणजे स्काउटचं काम.

आधी खेळाचा सांगाडा. बर्फावर एका बाजूचे सहा जण, त्यातला एक गोलरक्षक. चेंडूऐवजी रबराची चपटी चकती, तिला पक म्हणतात. तीन इंच व्यास, एक इंच जाडी, खेळण्याआधी गोठवून ठेवतात म्हणजे उसळत नाही. तीन आक्रमक एकत्र उतरतात, त्याला लाइन म्हणतात. आपल्या खो-खोत संरक्षणाला तिघांची तुकडी उतरते ना, तसं. फक्त इथं बाद व्हायची वाट बघत नाहीत. पाऊण मिनिट जिवाच्या आकांतानं पळायचं आणि खेळ चालू असतानाच कठड्यावरून आत, दुसरे तिघे बाहेर. साठ मिनिटांच्या सामन्यात चांगल्या पोरालाही पंधरा-वीस मिनिटंच मिळतात. आणि त्या पंधरा-वीस मिनिटांत पक त्याच्या काठीवर असते ती एक-दोन मिनिटं. बाकीचा वेळ तो काय करतो? नवखा प्रेक्षक पकीकडे बघतो. स्काउट पोराकडे बघतो.

मला हे समजायला एक मोसम लागला. भाच्यानं सांगितलं, “मामा, एक सामना असा बघ की पकीकडे बघायचंच नाही. एकच पोरगा धर.” मी २१ नंबरचा एक बारका पोरगा धरला. तिसऱ्या लाइनचा, वजनानं बाकीच्यांपुढे निम्मा वाटावा असा. शेजारी वही घेतली. त्यानं मान किती वेळा वळवली एवढंच मोजायचं. पक कोपऱ्यात चाललीय, तो तिच्यामागे सुसाट, आणि पोचायच्या आधी डाव्या खांद्यावरून एकदा मागे बघितलं, उजव्या खांद्यावरून एकदा. पक हाताशी आली तेव्हा अंगावर येणारा धिप्पाड गडी कुठल्या बाजूनं येतोय ते त्याला माहीत होतं. पक त्यानं अंगाआड घेतली, दुसऱ्या बाजूनं सुटला, आणि मधोमध मोकळ्या उभ्या असलेल्या सोबत्याला न बघता दिली. सोबत्यानं फटका बाहेर मारला. हिशेबाच्या कागदावर २१ नंबरच्या नावापुढे काय आलं? शून्य. पाऊण मिनिटात मी पाच रेघा मारल्या होत्या. पहिल्या लाइनचा जो पोरगा, ज्याच्या नावाचा गवगवा, त्याच्या पुढच्या खेपेला एक रेघ.

इंग्रजी समालोचक याला ‘हॉकी सेन्स’ म्हणतात. आपण ‘डोकं’ म्हणू. खो-खोत चांगला संरक्षक आक्रमकाच्या पायांकडे बघत नाही, खांद्याकडे बघतो. पाय फसवतात, खांदा फसवत नाही. हे काही पोरांना सांगावं लागत नाही आणि काहींना दहा वर्षं सांगून येत नाही. माझ्या मते पारख करताना सगळ्यात जड पारडं याच गोष्टीचं. ताकद वाढते. वेगही, आपण समजतो त्याहून बराच, शिकवता येतो.

लॉस एंजेलिस किंग्जनं १९८४ साली ल्यूक रोबिताय नावाचा पोरगा उचलला तो नवव्या फेरीत (तेव्हा फेऱ्या सातापेक्षा जास्त असत), १७१वा. कारण काय, तर स्केटिंग संथ. पुढे त्यानं एनएचएलमध्ये ६६८ गोल केले. त्यातली गंमत अशी की त्याच क्लबनं त्याच दिवशी त्याच्या आधी, ६९व्या क्रमांकावर, टॉम ग्लॅविनला घेतलं होतं. ग्लॅविन हॉकी सोडून बेसबॉलला गेला आणि तिथला थोर गोलंदाज झाला. पारख चुकली म्हणावी की बरोबर आली?

१७१ हा आकडा लक्षात ठेवा, तो पुन्हा येतो. १९९८ साली डेट्रॉइटचा युरोपातला स्काउट हाकान आंदर्सन याच्या शब्दावर क्लबनं पावेल दात्सुक या रशियन पोराला सहाव्या फेरीत घेतलं, १७१वा. आंदर्सन खरं तर दुसऱ्याच एका बचावपटूला बघायला गेला होता. समोर हा लहानखुरा, पक काठीला चिकटल्यासारखा खेळणारा दिसला. त्याआधीच्या दोन ड्राफ्टमध्ये त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. पुढच्याच वर्षी त्याच क्लबनं हेन्रिक झेटरबर्गला २१०वा उचलला. २००८ साली डेट्रॉइटनं एनएचएलच्या विजेतेपदाचा स्टॅनली कप जिंकला तेव्हा हे दोघं संघाचा कणा होते.

या गोष्टी सांगताना लोक डोळे मोठे करतात, आंदर्सनला दिव्यदृष्टी होती म्हणतात. मला त्यात थोडी खोट दिसते. दात्सुक एवढा मोठा होणार हे डेट्रॉइटला खरंच माहीत असतं तर पाच फेऱ्या दुसऱ्या पोरांवर घालवून ते सहाव्या फेरीपर्यंत थांबले असते का? त्यांना एवढंच वाटत होतं की या जागेवर या पोराचा जुगार परवडतो. स्काउटचं काम ‘हा हिरा आहे’ सांगण्याइतकं सोपं नाही. हा पोरगा माझ्या मते साठावा, बाकीच्यांच्या मते दीडशेवा. मग मी त्याला कधी उचलू? साठव्यावर उचलला तर जागा वाया, दीडशेपर्यंत थांबलो तर दुसरा नेईल. रुमालाखालची बोटं इथंच कामाला येतात.

बरं, एखादा पोरगा मुळात दुर्लक्षित का राहतो? कारणं पुष्कळ आहेत, पण मला सगळ्यात रंजक वाटतं ते जन्मतारखेचं.

कॅनडात लहान मुलांचे गट १ जानेवारीपासून पडतात. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात. आठव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक म्हणजे केवढा! जानेवारीवाला थोराड, तो निवडला जातो, त्याला चांगला प्रशिक्षक, जास्त बर्फ, जास्त सामने. दरी वाढत जाते. रॉजर बार्न्सली या मानसशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांसोबत १९८५ साली हे दाखवून दिलं, की वरच्या दर्जाच्या ज्युनियर संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांची गर्दी असते. पुढचा भाग त्याहून भारी. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९८० ते २००६ या काळातले ड्राफ्ट तपासले. जुलै ते डिसेंबरात जन्मलेली पोरं ज्या क्रमांकावर उचलली गेली, त्या मानानं त्यांची कारकीर्द सरस निघाली. चारशे सामने किंवा दोनशे गुण (गोल आणि गोलाला लावलेला हातभार मिळून) असा टप्पा गाठण्याची शक्यता वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांच्या जवळजवळ दुप्पट. म्हणजे जाणत्या माणसांनीही वर्षानुवर्षं थोराडपणाला गुण समजून जास्त किंमत मोजली.

त्यात ड्राफ्टसाठी वय मोजायची तारीख वेगळी, १५ सप्टेंबर. ऑस्टन मॅथ्यूजचा जन्म १७ सप्टेंबर १९९७चा. दोन दिवसांनी तो २०१५चा ड्राफ्ट चुकला, एक वर्ष जास्त वाढला, आणि २०१६ला पहिला आला. तेव्हा याद्या वाचताना गोलांच्या आधी जन्मतारीख वाचायची. २०२६च्या ड्राफ्टमध्ये सप्टेंबर २००७च्या शेवटी जन्मलेला आणि सप्टेंबर २००८च्या सुरुवातीला जन्मलेला शेजारी शेजारी उभे राहतील. दोघांचे गुण सारखे असतील तर मी डोळे झाकून धाकटा घेईन. एक अदत, दुसऱ्याला दोन दात आलेले. भाव एकच कसा?

(आपल्याकडे असला अभ्यास कुणी करायला घेऊ नये. आमच्या पिढीत अर्ध्या सोलापूर जिल्ह्याचा जन्म १ जूनला झालाय, गुरुजींच्या कृपेनं. मीही त्यातलाच.)

ही चूक मी स्वतः केलेली आहे. चौदा वर्षांखालच्या मुलींची निवड होती, शिट्टी माझ्या तोंडात. डिसेंबरातली एक मुलगी, सगळ्यांत लहान. पळताना मागे पडायची, खांबावर सूर मारायला हात पोचायचे नाहीत. पण संरक्षणाला उतरली की हुलकावणी देऊन सुटायची, आणि मी मनात म्हणत होतो, नशीबवान आहे पोरगी. नशीब सलग तीन डाव टिकत नाही हे मला कळायला हवं होतं. मी तिला घेतलं नाही. दोन वर्षांनी वडिलांच्या बदलीमुळे ती दुसऱ्या जिल्ह्याकडून खेळायला आली, हातभर उंच झालेली, आणि आमच्या पोरींना तिनं दमवून दमवून बसवलं. सामन्यानंतर पाया पडायला आली तेव्हा मला कुठं बघावं कळेना.

आता आकड्यांकडे. ज्युनियर लीगच्या पानावर पोराच्या नावापुढे गोल आणि असिस्ट मिळून गुण लिहिलेले असतात. ते फसवतात. एका गोलाला दोन असिस्टपर्यंत देतात. गोलाआधीचा शेवटचा पास ज्यानं दिला त्याला एक आणि त्याच्याही आधीचा पास ज्यानं दिला त्याला एक. दुसरा असिस्ट कधी कधी नुसता वाटेत उभा होता म्हणूनही मिळतो. शिवाय समोरचा खेळाडू शिक्षा होऊन दोन मिनिटं बाहेर बसला की पाच विरुद्ध चार होतात, याला पॉवर प्ले म्हणतात. तेव्हा बर्फावर जागा मोकळी, गोल सोपे. ज्याला प्रशिक्षक पॉवर प्लेवर उतरवतो त्याचे गुण फुगतात. तेव्हा पाहायचं ते हे: पाचास पाच असताना गुण किती, त्यातले स्वतःचे गोल आणि पहिले असिस्ट किती, आणि सोबत लाइनमध्ये कोण होतं. शंभर गुणांच्या सोबत्याशेजारी पन्नास गुण मिळवणारा आणि पडेल संघात एकट्यानं चाळीस मिळवणारा, यात मला दुसरा हवा.

लीगही बघावी लागते. कॅनडाच्या तीन मोठ्या ज्युनियर लीगमध्ये सोळा ते वीस वर्षांची पोरं आपापसांत खेळतात. स्वीडन-फिनलंडमधला हुशार पोरगा सतराव्या वर्षीच बाप्यांच्या लीगमध्ये जातो, तिथं त्याला सामन्यात सहा-सात मिनिटं मिळतात, मोसमभरात दोन-चार गुण. आकडा बघणारा त्याला सोडतो. एका लीगमधले गुण दुसऱ्या लीगच्या मापात आणायची गणितंही लोकांनी बसवलीत. सोलापूरची चादर आणि टॉवेल एकाच तागडीत घातल्यासारखं होतं ते कधी कधी, पण काहीच नसण्यापेक्षा बरं.

वयाचं गणित उलटंही फिरतं. अर्शदीप बैंस हा ब्रिटिश कोलंबियातल्या सरीचा पंजाबी पोरगा. ड्राफ्टमध्ये त्याला कुणीच घेतलं नाही. २०२१-२२च्या मोसमात त्यानं कॅनडाच्या त्या तीन ज्युनियर लीगपैकी एक असलेल्या वेस्टर्न लीगमध्ये ११२ गुण मिळवले, लीगमध्ये सगळ्यात जास्त. पण तोवर तो एकविसाव्यात होता, आणि बहुतेक स्काउट म्हणाले असतील, धाकट्यांत थोरला, करणारच. व्हँकुव्हरनं ड्राफ्टबाहेरून करार केला आणि २०२४च्या फेब्रुवारीत तो एनएचएलमध्ये उतरला. भाच्यानं त्या दिवशी मला पहाटे उठवून फोन केला होता.

शारीरिक चाचण्यांबद्दल मी फार बोलणार नाही. २०१४ साली सॅम बेनेटला त्या चाचणीत एकही पुल-अप काढता आला नाही, बातम्या झाल्या. कॅलगरीनं तरी त्याला चौथा घेतला. २०२५ साली फ्लोरिडाकडून खेळताना अंतिम टप्प्यातल्या सर्वोत्तम खेळाडूचा चषक त्याच्या हातात होता. पेंड घातली की अंग भरतं.

गोलरक्षक ही वेगळीच जात, त्यांच्या नादी शहाणा माणूस लागत नाही. तरी कॉनर हेलेबकचं सांगतो, कारण तो मला घरचा वाटतो. टेक्सासच्या रखरखीत तेलपट्ट्यात ओडेसा म्हणून गाव आहे. तिथल्या दुय्यम ज्युनियर संघात तो खेळत होता. अशा उन्हाच्या गावात गोलरक्षक शोधायला कोण जाणार? विनिपेगनं २०१२ साली त्याला पाचव्या फेरीत १३०वा घेतला. पुढे सर्वोत्तम गोलरक्षकाचा मान त्यानं तीनदा मिळवला, आणि २०२५ला सगळ्या लीगमधला सर्वोत्तम खेळाडूही ठरला.

मैदानावरच्या पोरांना हे सांगितलं तर एकजण म्हणाला, “सर, म्हणजे सोलापूरलापण कुणीतरी येऊ शकतो की.” यायला हवा, पण कुणी येतो तो एकदा बघून जात नाही. चांगला स्काउट एकाच पोराला मोसमात पाच-सात वेळा बघतो: घरच्या बर्फावर, परगावी, आजारातून उठल्यावर, संघ पाच गोलांनी हरत असताना. सरावाला आधी कोण उतरतो, बदली झाल्यावर बाकावर बसून काय करतो, हेही टिपतो. ज्युनियर पोरं घरापासून लांब, दुसऱ्या कुटुंबात राहून खेळतात. त्या घरच्या बाईला विचारलं तर ती प्रशिक्षकापेक्षा खरं सांगते म्हणतात. एका सामन्यावरून मत बनवणारा माणूस मला एका शिताच्या परीक्षेवर अख्खा भात नासवणारा वाटतो.

आणि इतकं करूनही बहुतेक नावं वाया जातात. खालच्या फेऱ्यांतली बहुसंख्य पोरं मोठ्या लीगमध्ये नाव सांगण्याइतकीही खेळत नाहीत. आपण दात्सुकची गोष्ट सांगतो कारण दात्सुक झाला. १७०वा आणि १७२वा कोण होता, मला विचारू नका.

माझा २१ नंबरवाला ऑगस्टचा आहे. मी वहीत त्याच्यापुढे ‘तिसरी फेरी’ लिहिलंय. भाचा म्हणतो, “मामा, त्याचं नाव पुकारणारच नाहीत, उगाच जागू नकोस.” ड्राफ्ट जूनच्या शेवटी. तोवर पाऊस आला असेल तर मी तुळजापूर रोडच्या रानात पेरणीत असेन, मोबाइलला रेंज मिळेल न मिळेल. पैज लागलीय: हरलो तर भाच्याला दोन किलो शेंगाचटणी पार्सल, जिंकलो तर त्यानं दिवाळीला यायचं.